दिराने शिकवलेला कॉमा

टायपिंगच्या क्लासात मी पहिली बोलणी खाल्ली ती एका ठिपक्यावरून. सरांनी माझा कागद मशीनमधून ओढून काढला, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "मॅडम, ये कॉमा कहाँ से ले आए आप?" मी समोरच्या सरावाच्या कागदावर बोट ठेवलं. होता की तिथे काळा ठिपका, खाली बारीक शेपूट असलेला. सरांनी तो नखाने टोकरून पाहिला. "ये कॉमा नहीं है. ये झेरॉक्स की गंदगी है." सगळा क्लास फिदीफिदी हसला. बारावी झालेली पोरं-पोरी होती ती, सतरा-अठरा वर्षांची. मी एकतीस वर्षांची, कपाळ मोकळं, हातात डब्याची पिशवी. हसा लेकहो, म्हटलं मनात, तुमच्या बापाचं काय जातं. पण कान तापायचे ते तापलेच.

जिल्हा नवा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गोंदियात नवी ऑफिसं उघडत होती आणि आजूबाजूच्या गावांतल्या प्रत्येक घराला वाटत होतं की आपला एक तरी माणूस कुठेतरी चिकटेल. म्हणून टायपिंगचे क्लास गल्लोगल्ली. आमच्या क्लासमधले कागद म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिची पुन्हा झेरॉक्स. मूळ कागद सरांनी तरी पाहिला होता की नाही, देव जाणे. अक्षरं त्यातूनही ओळखू यायची, अक्षराला आकार असतो. कॉमाला काय असतं? माशीने घाण केली तरी तो कॉमाच दिसायचा, आणि खरा कॉमा अर्धा पुसला गेला की नुसती धूळ. मला इंग्रजी येत नव्हतं. बारावीला त्या विषयात पस्तीसवर सुटले होते, तेही कशी ते विचारू नका. वाक्य काय म्हणतंय तेच कळत नसल्याने मी दिसेल ते छापत होते, घाणीसकट.

हौसेने गेले नव्हते मी तिथे. नवरा गोंदियाला एका सरकारी ऑफिसात क्लार्क होता. ताप आला, दोन दिवस सुया टोचून घेतल्या, तिसऱ्या दिवशी तो माणसं ओळखेना, पाचव्या दिवशी गेला. मेंदूचा मलेरिया, असं मागाहून सांगितलं. वर्षभर खेटे घातल्यावर त्याच्या जागेवर मला अनुकंपाखाली घेतलं. पण आदेशात अट होती. दोन वर्षांच्या आत मिनिटाला मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांची टायपिंग परीक्षा पास करा, नाहीतर सेवा समाप्त. मराठी तीस मी पहिल्या फटक्यात काढली. राहिली इंग्रजी.

घरी सौंदडला आम्ही चौघं. मी, पहिलीत जाणारी माझी पोरगी, सासू आणि धाकटा दीर. दीड एकर बांधी होती, तिच्यात घरापुरतं धान व्हायचं. बाकी मीठ-मिरचीपासून पोरीच्या चपलेपर्यंत सगळं माझ्या खुर्चीवर. ती गेली असती तर मला धानाच्या रोवणीला दुसऱ्यांच्या बांध्यांत, चिखलात उतरावं लागलं असतं, आणि चार वर्षांनी माझ्या मागे पोरीला. मी हे वाढवून सांगत नाही. माझ्या मायने जन्मभर तेच केलं. पावसाळाभर तिच्या पायांची बोटं कुजलेली असायची आणि आम्ही पोरी रात्री त्यांना तेल लावायचो. मला माझ्या पोरीच्या पायाला तेल लावायचं नव्हतं.

दीर बी.ए. झालेला, इंग्रजी घेऊन. गावात तेवढं इंग्रजी दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. पण नोकरी नाही म्हणून लग्न नाही, लग्न नाही म्हणून लोकांच्या नजरेत तो अजून पोरगाच. माझा अनुकंपाचा अर्ज जाताना गावातल्या एका जाणत्या माणसाने सांगितलं, घरातल्या सगळ्यांची ना-हरकत लिहून ठेवा, पुढे भानगड नको. सासूने अंगठा दिला, दिराने स्टॅम्पपेपरवर सही केली. त्या दिवसापासून घरात एक वाक्य कायमचं मुक्कामाला आलं, की पोराने वहिनीसाठी जागा सोडली. सासू ते आल्या-गेल्याला सांगायची. मीही तेच मानत होते. त्याचे कपडे धुताना, त्याला वाढताना माझ्या डोक्यावर त्या सहीचं ओझं असायचं.

इंग्रजीची पहिली परीक्षा हुकली. वेग जमला होता, चुकांनी घात केला. सरांनी माझे सरावाचे सगळे कागद पुढ्यात घेतले आणि लाल पेनाने गोल करत गेले. निम्म्याहून जास्त गोल कॉमांचे. त्यातही हस्तलिखिताच्या प्रश्नात तर नुसता धिंगाणा. त्या प्रश्नात हाताने लिहिलेला, खाडाखोड केलेला मसुदा देतात आणि तो स्वच्छ छापायचा असतो. लिहिणारा माणूस मध्येच थबकतो, पेन टेकवतो, झटकतो. त्यातला कॉमा कोणता आणि पेनाचा डाग कोणता, हे मला कसं कळणार? "आप पढ़ती नहीं हैं, सिर्फ छापती हैं," सर म्हणाले. "कॉमा के नियम सीखिए. फिर आँख को अपने आप दिखेगा कि यहाँ होना चाहिए या नहीं." मी विचारलं, कोण शिकवणार? ते म्हणाले, "घर में कोई पढ़ा-लिखा नहीं है क्या?"

होता ना. दुसऱ्याच दिवशी मी विचारलं. दीर ओसरीवर दात घासत होता, सासू सुपात तांदूळ निवडत होती.

"भाऊजी, मले कॉमा शिकवून द्या."

"कायले पाहिजे तुमाले कॉमा?"

"परीक्षेत चुका होऊन राहिल्या जी."

त्याने चूळ भरली, सासूकडे पाहिलं. सासूने वर पाहिलं नाही. "बसा मंग उद्यापासून," तो म्हणाला.

त्यानंतर रोज सकाळी, गोंदियाची पॅसेंजर यायच्या आधी अर्धा-पाऊण तास आम्ही ओसरीवर बसायचो. एक डोळा चुलीवर, एक वहीवर. खोटं कशाला बोलू, तो फार छान शिकवायचा. आवाज चढवायचा नाही, टोमणा मारायचा नाही. एक नियम सांगायचा, मग दहा वाक्यं बिनकॉमाची लिहून द्यायचा आणि त्यांत कॉमे मी घालायचे. लांबलचक कर्ता असला की तो संपल्यावर कॉमा द्यायचा, वाचणाऱ्याला दम खाता येतो. 'दॅट'च्या आधी कॉमा हमखास. 'बट'च्या आधी मुळीच नाही, कारण बट हाच अर्धा कॉमा. वाक्याच्या सुरुवातीला 'हाउएव्हर' आला तर पुढचं सगळं त्याला चिकटूनच. मला हे झटकन पटायचं. दॅटचं तर लगेच पटलं, मराठीत आपण 'तो म्हणाला, की' असं लिहितोच की. गाडीत खिडकीशी बसून मी नियम पुटपुटायचे. शेजारच्या बाया विचारायच्या, "काऊन वो बाई, कोनता मंत्र म्हणून राहिली?" मी म्हणायचे, "पोट भरायचा."

दुसऱ्या परीक्षेला मी छाती काढून गेले. हस्तलिखिताचा मसुदा हातात आला तेव्हा पहिल्यांदा त्या ओळींनी मला घाबरवलं नाही. एका ठिकाणी बटच्या आधी काहीतरी वळवळत होतं. मागे मी तिथे कळ दाबली असती. आता म्हटलं, हा पेनाचा डाग, आपण नाही फसत. दॅटच्या आधी काहीच दिसेना, तर म्हटलं, पुसला गेला असेल बिचारा, आणि माझ्या पदरचा घातला. बाहेर पडले ती हसतच. सौंदडला उतरून पोरीसाठी पेरू घेतले.

निकाल आला आणि मी पुन्हा नापास. चुका आधीपेक्षा जास्त. ऑफिसातले मोठे बाबू म्हणाले, "आता मुदतीत एकच परीक्षा बसते बाई. पाहा काय ते." घरी आले तर दीर म्हणाला, "होते जी वहिनी, पुन्हा बसू." सासूने त्या दिवशी माझ्या भातावर आपल्या हाताने तूप घातलं. नवरा गेल्यापासून तिने असं कधी केलं नव्हतं. मला तिच्या मायेने हुंदका आला आणि तिच्यासमोरच मी पदर तोंडाला लावला.

सरांना मात्र काहीतरी खटकलं. त्यांनी एक हाताने लिहिलेला परिच्छेद माझ्यापुढे ठेवला, पेन्सिल दिली. छापायचं नाही, नुसते कॉमे लावायचे. मी लावले, एकेक नियम मनात म्हणत. त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "ये किसने सिखाया?" मी सांगितलं, दिराने, इंग्रजीचे बी.ए. आहेत ते. सरांनी कपाटातून पुठ्ठे निघालेलं एक व्याकरणाचं पुस्तक काढलं आणि पान उघडून बोट ठेवत गेले. बट. दॅट. हाउएव्हर. लांब कर्ता. प्रत्येक ठिकाणी मला शिकवलेल्याच्या बरोबर उलट. "आदमी एक-दो नियम भूल जाता है, मॅडम. सब के सब उलटे कैसे होंगे?"

मला राग आला तो सरांचाच. म्हटलं, माझा दीर तसा नाही. कॉलेज सुटून दहा वर्षं झाली, विसरला असेल. सरांनी पुस्तक माझ्या पिशवीत घातलं आणि दुसऱ्या पोराकडे वळले.

घरी मी आठ दिवस गप्प राहिले. मग पोरीच्या शाळेत जन्माचा दाखला मागितला म्हणून लोखंडी पेटी उघडली. दिराच्या फाइली त्याच पेटीत असायच्या. वरच एका इंग्रजी अर्जाची प्रत होती, त्याच्या अक्षरात, मागच्याच वर्षीची. मी ती दारातल्या उजेडात नेली आणि एकेक ओळ बोटाने वाचली. बटच्या आधी कॉमा. दॅटच्या आधी काही नाही. हाउएव्हरनंतर कॉमा, सुबक, खाली वळवलेला. पुस्तकाशी ताडून पाहिलं, एकही चुकलेला नव्हता. मी प्रत होती तशी ठेवली, दाखला घेतला, पेटी लावली. चुलीवर लाखोळीचं वरण उतू जाऊन राहिलं होतं, ते उतरवताना हात भाजला, तरी बराच वेळ मला ते कळलं नाही.

का केलं असेल, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दोन दिवसांनी मी हापशीवरून पाण्याचा गुंड घेऊन येत होते. कुडाच्या पलीकडे सासू शेजारणीला सांगत होती. "शेताचा फेरफार होते, तसा खुर्चीचा बी होते म्हन्ते. एकीच्यानं नाही झालं, तं सरकार घरातल्याच दुसऱ्याचं नाव लावते. माह्या पोराची सही आहे ना तिथं. त्याचंच नाव लागन." शेजारीण म्हणाली, "मंग सुनेचं का होईन?" सासू म्हणाली, "तिले का, दोन घास तं भेटतीनच." मी गुंड तसाच डोक्यावर धरून उभी राहिले. मान दुखायला लागली तेव्हा आत गेले.

म्हणजे असं होतं ते सगळं. जमिनीवर एकाचं नाव खोडून दुसऱ्याचं चढतं, हे आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं. खुर्चीही त्यांना तशीच वाटली, घरची. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाबूंना विचारलं, मी नापास झाले तर ही जागा दिराला लागते का? ते हसले. "कोण म्हणते? लग्न झालेल्या माणसाच्या जागेवर भावाचा हक्कच नसते. अन् एकदा लाभ दिला की विषय संपला. तुम्ही गेल्या तं जागा बी गेली."

"मग त्याची ना-हरकत?"

"ती मागितली कोणी होती? फाइलीत पडली आहे फुकट."

मी टेबलाशी येऊन बसले. ज्या सहीच्या ओझ्याखाली मी वाकून चालत होते तिची किंमत रद्दीएवढीही नव्हती. आणि जी जागा मिळावी म्हणून तो मला बुडवत होता ती त्याला सात जन्मात मिळणार नव्हती. मी बुडाले असते तर तोही बुडाला असता, सासूही, आणि काहीच न कळणारी पोरगीही. हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. रजिस्टर उघडून मी आवक-जावक लिहायला लागले.

आता इथे मला खरं सांगावं लागेल. त्याच संध्याकाळी मी घरी जाऊन हे बोलायला पाहिजे होतं. गाडीत मी तयारीही केली, भाऊजी, असं असं आहे, मोठ्या बाबूंनी सांगितलं. पाऊस होता. सौंदडला उतरले तर तो छत्री घेऊन फलाटावर उभा. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मायेने विचारलं, "वहिनी, दहा वाक्यं केली का?" माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की छत्री त्याच्या हातातून ओढून मोडावी. इतका गोड आवाज! माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढताना याचा आवाज एवढा गोड राहतो कसा? मी म्हटलं, "करते जी." आणि चालायला लागले. सांगायचं ते पोटात ठेवलं आणि पुढे तिथेच राहू दिलं.

त्यानंतर चार महिने मी दोन वह्या चालवल्या. सकाळी ओसरीवर त्याची वही. तिच्यात मी दॅटच्या आधी कॉमा द्यायचे, बटच्या आधी गाळायचे, आणि तो "बराबर" म्हणून खूण करायचा. संध्याकाळी क्लासात सरांची वही. तिच्यात सगळं उलट, म्हणजे सुलट. दोन्ही वह्यांत घोळ होऊ नये म्हणून फार जपावं लागायचं. एकदा चुकून सकाळी मी बटच्या आधी बरोबर कॉमा दिला. त्याने पेन थांबवलं. मी म्हटलं, "विसरली जी," आणि खोडला. मला सांगू द्या, त्यात एक मजा यायला लागली होती. तो मला फसवतो आहे असं त्याला वाटायचं आणि मी समोर बसून मान डोलवायची. ऑफिसात, गाडीत, चुलीपुढे मला तेवढाच एक आनंद होता, आणि तो चांगला नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं.

पोळा झाल्यानंतरची एक सकाळ आठवते. पोरगी तापाने फणफणली होती आणि मी तिला मांडीवर घेऊनच वाक्यं सोडवत होते. दीर तिच्याकडे बघत होता. त्याने माझ्या वहीवर हात ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, थांबा. हे जे..." मी वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी एक शब्द बोलले असते, नुसतं "काय जी" म्हटलं असतं, तरी तो सगळं ओकला असता. मी बोलले नाही. पोरीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. त्याने वहीवरचा हात काढला आणि म्हणाला, "काही नाही. बराबरच आहे." उठून बांधीकडे निघून गेला.

दिवाळीच्या सुमारास ऑफिसात भरतीची जाहिरात आली. दुसऱ्या खात्याची, जिल्ह्यातच, पदवीवर. नोटीस बोर्डावर मीच लावली. लावण्याआधी वयाची ओळ वाचली आणि मनात मोजलं. दिराला त्या अटीत बसायचं ते हे शेवटचं वर्ष. मोठ्या बाबूंनी एक फॉर्म माझ्या हातात दिला, म्हणाले, तुमच्या दिराला द्या, हुशार आहे ना तो. मी आणला. तो खाटेवर बसून शेंगा फोडत होता. त्याने फॉर्म चाळला आणि बाजूला ठेवला.

"भरत नाही का जी?"

"आता कायले? उन्हाळ्यापर्यंत पाहू. काहीतरी होतेच."

उन्हाळ्यापर्यंत माझी खुर्ची आपल्याला मिळेल असं त्याला वाटत होतं, आणि ती मिळणार नाही हे मला माहीत होतं. सासू दारात उभी होती, तिनेही मान हलवली. सगळं सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. मी म्हटलं, "तुमची मर्जी," आणि आत जाऊन कांदा चिरायला घेतला. पंधरा दिवस तो फॉर्म खाटेखाली होता. रोज झाडताना मी तो उचलायचे आणि झाडून झालं की परत तिथेच ठेवायचे. शेवटची तारीख गेली त्या दिवशी मी तो चुलीत घातला.

परीक्षेत हस्तलिखिताचा मसुदा घाणेरड्या अक्षरातला आला. पण सर म्हणाले होते तसंच झालं, डोळ्याला आपोआप दिसायला लागलं की इथे असायला पाहिजे, इथे नको. मी वाक्य वाचत होते. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी वाक्य मला कळत होतं, कुठे ते वळतं, कुठे थांबतं. त्याचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र सारखं ओसरीवरचं त्याचं तोंड दिसत होतं, आणि प्रत्येक कॉमा दाबताना मी त्याला मनातल्या मनात म्हणत होते, घे.

निकालात मी पास झाले. कॉमाची एकही चूक नाही. सरांनी आपल्या खिशातून पेढे मागवले. मी घरी आले, ओसरीवर पिशवी ठेवली आणि सांगितलं. सासूने हातातलं सूप खाली ठेवलं आणि आत गेली. दीर उभाच होता.

"कॉमे बराबर आले?" त्याने विचारलं.

"सगळे."

"कसे का?"

"तुमी शिकवलेले नाही लावले जी. सरांनी शिकवलेले लावले."

तो खांबाला टेकला. "कधीपासून मालूम आहे तुमाले?"

"पोळ्याच्या आधीपासून." मग मी थांबले नाही. चार महिने जे चघळत होते ते सगळं त्याच्यापुढे टाकलं. जागा त्याची नव्हतीच, सही कोणी मागितलीच नव्हती, मी नापास झाले असते तर घरात कोणालाच काही मिळालं नसतं. "आपल्या भावाच्या पोरीले उपाशी माराले निघाले होते तुमी," मी म्हटलं, "अन् ते बी फुकट." मला वाटलं होतं तो ओरडेल, किंवा पाया पडेल. दोन्हींची मी तयारी करून आले होते. तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला.

"हे बी पोळ्यापासून मालूम होतं? जागा माही नाही म्हनून?"

"हो."

"मंग दिवाळीत तुमी फॉर्म आनला तवा..."

"तवा बी मालूम होतं."

"माहं वय?"

"ते बी."

तो खाली बसला, ओसरीच्या काठावर, जिथे रोज बसायचा. मग बोलला, आणि आवाज तोच, शिकवायचा. "मी पाप केलं, वहिनी. पन तुमाले खरं सांगाले सर होते. मले सांगाले तुमीच होत्या."

मी पिशवीतून सरांनी दिलेला पेढ्यांचा पुडा काढला. पोरगी शाळेतून धावत आली, पेढ्याचा पुडा पाहून नाचायला लागली. तिने एक पेढा काढून आधी काकाच्या तोंडात घातला. त्याने तो खाल्ला.

त्यानंतर त्याने कुठलाच फॉर्म भरला नाही. कोहमाऱ्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रकांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायला लागला, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा, मग तेही कमी झालं. लग्न झालं नाही. सासू गेली तेव्हा त्याने आणि मी मिळून सगळं केलं आणि एकमेकांशी चार वाक्यांच्या वर बोललो नाही. मी नोकरीत कायम झाले, पुढे बढतीही मिळाली. ऑफिसातून इंग्रजी पत्र जायचं असलं की ते माझ्याकडेच देतात, बाईंचं कॉमा-फुलस्टॉप पक्कं आहे म्हणतात, आणि मी पत्र घेते.